लाल लागला तेव्हा चाक कुठे होतं?

शेजारच्या वहिनींनी मोबाइल माझ्या हातात ठेवला, तेव्हा त्यांचा चहा कपात तसाच निवत होता. "भाऊजी, पिवळा होता हो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. आणि इथे बघा काय आलंय."

आलं होतं ते ई-चलान. एमएच ४६ ने सुरू होणारा त्यांच्या स्कूटरचा नंबर, तारीख, वेळ, चौकाचं नाव आणि सिग्नल तोडल्याचा दंड. मेसेजमधल्या लिंकला आम्ही हात लावला नाही, कारण हल्ली खोट्या चलानांचे मेसेजही येतात. राज्याच्या वाहतूक पोलिसांचं संकेतस्थळ स्वतः उघडलं, गाडीचा नंबर घातला, तर चलानासोबतचा फोटो समोर आला. चौकाच्या साधारण मधोमध वहिनींची स्कूटर, वाऱ्यावर उडालेली ओढणी, मागे एक रिक्षा, आणि वरच्या कोपऱ्यात स्वच्छ दिसणारा लाल दिवा.

"लाल दिसतोय की," मी म्हणालो.

"आत्ता लाल दिसतोय. मी आत शिरले तेव्हा पिवळा होता."

सिग्नलचं चलान खरं की खोटं, याचा सगळा निकाल वहिनींच्या या एका वाक्यात आहे, हे मला पुढचे चार दिवस वाचत बसल्यावर कळलं. गाडी लाल दिव्याखाली दिसते का, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की लाल लागला त्या क्षणी गाडीचं पुढचं चाक पांढऱ्या रेषेच्या अलीकडे होतं की पलीकडे. आणि त्या एका क्षणामागे इतकं गणित, इतका इतिहास आणि इतका कायदा उभा आहे की मी थक्क झालो.

सुरुवात पिवळ्यापासून करू, कारण पिवळा सगळ्यात उशिरा आला. १८६८ च्या डिसेंबरात लंडनला संसदेसमोर पहिला रहदारीचा दिवा उभा राहिला. तो गॅसवर जळायचा आणि त्याची कल्पना रेल्वेच्या एका इंजिनिअरची होती. लाल आणि हिरवा, दोनच रंग. महिनाभरात, १८६९ च्या जानेवारीत, त्याचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला. पुढे विजेचा दिवा अमेरिकेत क्लीव्हलँडला १९१४ च्या ऑगस्टमध्ये लागला, तेव्हाही रंग दोनच. मात्र दिवा बदलायच्या आधी तिथे एक घंटी वाजायची: सावध, आता बदलणार. ती घंटी म्हणजेच आपल्या पिवळ्याची पूर्वज. १९२० मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने चारी दिशांना दिसणारा तीन रंगांचा दिवा बसवला आणि घंटीच्या जागी पिवळा आला. माणसाला थांबायला वेळ लागतो आणि गाडीला त्याहून जास्त लागतो, ही जाणीव पन्नासएक वर्षं दिवे लावून झाल्यावर एका रंगात उतरली.

पण पिवळा किती वेळ ठेवायचा? याचं उत्तर चाळीस वर्षं कोणी नीट मांडलंच नाही. ते मांडलं १९६० मध्ये, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेशी संबंधित तिघांनी: डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सी मॅराड्युडिन. यातल्या हर्मनचं नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. याच माणसाने १९४८ मध्ये राल्फ आल्फर यांच्यासोबत असं भाकीत केलं होतं की विश्वाच्या जन्माच्या वेळची ऊब आजही सगळ्या आकाशात अगदी मंद, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पाच अंश वर, उरलेली असली पाहिजे. ती १९६० च्या दशकात खरोखर सापडली. विश्वाच्या पहिल्या उजेडाचा हिशोब करणारा माणूस बारा वर्षांनी चौकातल्या पिवळ्या दिव्याचा हिशोब करायला बसला. मला यात काहीच विसंगत वाटत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: उजेड दिसला, तर त्यावरून आधी काय घडलं ते किती खात्रीने सांगता येईल?

त्यांचा हिशोब आठवीच्या मुलाला कळेल इतका सोपा आहे, म्हणून इथे करूनच बघू. समजा गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. पिवळा दिसला, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेली. एसटीच्या लांबीपेक्षा जास्त अंतर, आणि ब्रेक अजून लागायचाच आहे. मग मागच्याला धडकू न देता, आतल्यांना पुढे न फेकता बेताने ब्रेक दाबला तर वेग सेकंदाला तीन मीटर प्रति सेकंद या दराने उतरतो. तसा उतरवत थांबायला आणखी ३२ मीटर लागतात. एकूण ४६ मीटर. म्हणजे पिवळा लागला तेव्हा रेषा ४६ मीटरपेक्षा जवळ असेल, तर नीट थांबता येणार नाही.

आता दुसरी बाजू. पिवळा तीन सेकंदांचा असेल, तर त्याच वेगाने तेवढ्या वेळात गाडी ४२ मीटर जाईल. म्हणजे रेषा ४२ मीटरपेक्षा लांब असेल, तर लाल लागायच्या आत रेषा गाठता येणार नाही.

४२ आणि ४६ यांच्यामध्ये काय आहे? चार मीटरचा रस्ता. पिवळा लागताना तुमची गाडी त्या चार मीटरांत सापडली, तर थांबलात तरी रेषेच्या पुढे जाल आणि गेलात तरी लालमध्ये अडकाल. ड्रायव्हर शिकाऊ असो की तीस वर्षं ट्रक चालवलेला, दोन्ही वाटा बंद. रहदारीचे अभ्यासक या पट्ट्याला पेचाचा पट्टा म्हणतात. तो डांबरावर कुठे रंगवलेला नसतो. दिव्याच्या वेळेतून तो जन्माला येतो आणि दिव्याची वेळ बदलली की नाहीसा होतो.

हेच गणित ताशी ४० वर करा: थांबायला ३२ मीटर, तीन सेकंदांत ३३ मीटर. पेच संपला, वर मीटरभर जागा उरली. ताशी ६० वर करा: थांबायला ६३, जायला ५०. तेरा मीटरचा पट्टा, त्यात दोन गाड्या एकामागे एक मावतील. म्हणजे वेग दीडपट केला तर पेच दीडपट होत नाही. शून्याचा तेरा मीटर होतो. हे मी कागदावर तीनदा करून बघितलं.

आणि आता हे गणित आमच्या पनवेलला आणू या. कळंबोली सर्कलला उभं राहून कधी गाड्या बघितल्यात? सायन-पनवेल हायवे तिथे येतो, पुण्याचा एक्स्प्रेसवे तिथून निघतो, मुंब्र्याकडून तळोज्याची वाहतूक येते आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारे कंटेनरही तिथूनच वळतात. पुढे पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो. देशात फार कमी गावं अशी असतील की जिथे शाळेची व्हॅन, भाजीचा टेम्पो, कोकणात निघालेली एसटी आणि चाळीस फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर एकाच पट्टीत उभे असतात. या सगळ्यांसाठी पिवळा मात्र एकच. भरलेल्या ट्रेलरचा वेग तीनच्या दराने उतरत नाही. दोन धरा. मग ताशी ५० वर त्याला थांबायला ६२ मीटर लागतील आणि तीन सेकंदांत तो जाणार ४२. पेचाचा पट्टा वीस मीटरचा. वर जुलैचा पाऊस, रस्त्यावर पाण्याची साय आणि डिझेलचा थर असेल तर विचारायलाच नको. ट्रेलरवाला पिवळ्यावर हॉर्न दाबत पुढे काढतो, तेव्हा आपण त्याला शिव्या देतो. काही वेळा त्या शिव्या बरोबर असतात. काही वेळा तो त्या वीस मीटरांत असतो.

म्हणूनच अमेरिकेत पिवळा तीन ते सहा सेकंदांच्या दरम्यान ठेवायचा प्रघात आहे, वेगाप्रमाणे. ब्रिटनमध्ये तो सरसकट तीन सेकंद. पिवळ्यानंतर क्षणभर चारी बाजूंना लाल ठेवण्याचीही पद्धत आहे, पिवळ्यात आत शिरलेल्याला बाहेर पडायला वाव मिळावा म्हणून. आपल्याकडे सिग्नल कसा आखायचा याची भारतीय रोड काँग्रेसची पुस्तिका १९८५ पासून आहे. पिवळ्याचा अर्थ असा: रेषेच्या अलीकडे सुरक्षित थांबता येत असेल तर थांबा, अगदी रेषेपाशी आला असाल तर पार व्हा. 'पिवळा म्हणजे जोर मार' हा अर्थ आपण आपल्या मनाने लावलेला आहे आणि त्यापायी माणसं मरतात.

त्या तिघांनी मांडलेल्या सूत्राची एक गोष्ट मला फार आवडते. मॅट्स यार्लस्ट्रॉम हे मूळचे स्वीडनचे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या बीव्हर्टनला राहणारे. २०१३ मध्ये त्यांच्या बायकोला लाल दिव्याच्या कॅमेऱ्याचं तिकीट आलं. यार्लस्ट्रॉम गणित करायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की १९६० चं सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीसाठी आहे. वळणारी गाडी आधी वेग कमी करते, म्हणून तिला रेषेपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ सूत्रात कुठेच नाही. पनवेलच्या उरण नाक्यावर उजवीकडे वळणाऱ्या कुणालाही हे पटेल. त्यांनी हे सगळीकडे लिहून कळवलं. त्या तिघांपैकी मॅराड्युडिन यांनीही त्यांना दुजोरा दिला. राज्याच्या इंजिनिअरिंग मंडळाने मात्र परवान्याशिवाय इंजिनिअरिंग केल्याबद्दल यार्लस्ट्रॉम यांनाच ५०० डॉलर दंड ठोठावला. ते कोर्टात गेले आणि २०१८ च्या डिसेंबरात जिंकले. २०२० मध्ये तिथल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत वळणाऱ्या गाडीसाठी वाढवलेलं सूत्र घेतलं. एका तिकिटावर समाधान न झालेल्या माणसामुळे साठ वर्षं जुनं समीकरण दुरुस्त झालं.

आता आपला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ११९ मध्ये सिग्नल पाळण्याचं कर्तव्य सांगितलं आहे, आणि साध्या उल्लंघनाला कलम १७७ लागतं: पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत. पण २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. धोकादायक वाहन चालवण्याचं जे कलम १८४ आहे, त्याच्या स्पष्टीकरणात लाल दिवा तोडणं नाव घेऊन घातलं. तिथे पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. म्हणून चलान आलं की रकमेच्या आधी कलम वाचा. आणि हेही बघा की १८४ च्या त्या यादीत लाल आहे. पिवळ्याचं नाव तिथे नाही.

कॅमेऱ्यासाठी त्याच दुरुस्तीत कलम १३६अ आलं आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याखाली नियम १६७अ. हा नियम मी दोनदा वाचला, कारण तो नागरिकाच्या बाजूने इतका नेमका असेल असं वाटलं नव्हतं. कॅमेरा बसवला आहे असा ठळक फलक आधी हवा. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करायला हवं. नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत निघायला हवी. नोटिशीत नंबरप्लेट आणि उल्लंघन दोन्ही ठळक दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, जागा, मोडलेलं कलम आणि पुरावा कायद्याखालचं प्रमाणपत्र हवं. चलानाचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपून ठेवायला हवी.

शेवटून दुसरी गोष्ट, ते प्रमाणपत्र, कंटाळवाणं वाटतं. पण त्याच्या मागे एक मराठी मुलखातला खटला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं कॅमेऱ्याचं चित्रीकरण. मग वाद असा उभा राहिला की कॅमेऱ्याने टिपलेली वेळ कोर्टाने कशावरून खरी मानायची. २०२० च्या १४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. ते कलम तेव्हा पुरावा कायद्यातलं ६५ब होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या ६३ ने घेतली. जालन्याच्या एका कचेरीतली काही मिनिटं आणि पनवेलच्या एका चौकातले काही सेकंद, दोन्हींना एकच नियम लागू आहे: यंत्राने सांगितलेल्या वेळेची जबाबदारी माणसाने सही करून घ्यायची.

सिग्नलचा कॅमेरा नीट बसवला असेल तर तो निदान दोन फोटो काढतो. पहिल्यात दिवा लाल आणि गाडी रेषेच्या अलीकडे. दुसऱ्यात दिवा लाल आणि गाडी रेषेच्या पलीकडे. दोन्ही एकत्र ठेवले की बोलायला जागा उरत नाही, आणि उरूही नये. पहिल्याच फोटोत गाडी रेषेच्या पुढे असेल, तर ती लालमध्ये शिरली हे त्या फोटोने सिद्ध होत नाही. रस्त्यावर उभ्या पोलिसाने हातातल्या यंत्रावर काढलेला फोटो तर बहुतेक वेळा एकटाच असतो. २०२५ च्या जुलैत राज्यात पोलिसांना आदेशही गेले की चलानासाठी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढू नयेत.

फोटोत बघण्यासारखं आणखी असतं. नंबर खरंच आपला आहे का? यंत्राला इंग्रजी बी आणि आठचा आकडा सारखे वाटू शकतात. गाडी आपली आहे का, की कुणी आपला नंबर लावून फिरतंय? मागे ॲम्ब्युलन्स आहे का? ॲम्ब्युलन्सला वाट न दिल्यास कलम १९४इ खाली १०,००० रुपये दंड होऊ शकतो. तिला वाट द्यायला म्हणून रेषेच्या पुढे सरकला असाल, तर तो फोटो तुमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. गाडी दुसरं कुणी चालवत होतं तर मालकाने त्याची माहिती द्यायची, हे कलम १३३ मध्ये आहे.

दाद मागायची वाट तशी छोटी आहे. राज्याच्या महाट्रॅफिक ॲपवर किंवा संकेतस्थळावर चलान उघडून तक्रार नोंदवता येते, कारण लिहिता येतं, फोटो जोडता येतो. तिथे नकार आला तरी गोष्ट संपत नाही. कोर्ट आहे. सध्या चलानांसाठी आभासी न्यायालयंही आहेत. आपल्या राज्यातलं एक नागपूर जिल्ह्यात काटोलला २०२० च्या ३१ ऑक्टोबरला सुरू झालं. नोटीस आली की पडद्यावर दोन पर्याय दिसतात: दंड भरा, किंवा लढा. लढा निवडलंत की प्रकरण ज्या कोर्टाच्या हद्दीत घटना घडली तिथे जातं. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवा. दंड भरला की कलम २०० खाली ती तडजोड होते आणि प्रकरण तिथेच मिटतं. आधी भरून मग भांडू, असं होत नाही. लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण तिथेही तडजोडच होते, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. खरंच चूक झाली असेल तर लोकअदालत उत्तम. चूक नसेल तर तो तुमचा रस्ता नव्हे.

लोक म्हणतात, पाचशे रुपयांसाठी कोण कोर्टाची पायरी चढतो, भरून मोकळं व्हा. मला हे पटत नाही. पिवळ्याचे सेकंद कुणीतरी ठरवलेले असतात, आणि जे ठरवता येतं ते तपासताही येतं. चुकीचं चलान मुकाट भरणाऱ्याकडून त्या चौकातला पेचाचा पट्टा कधीच कुणाच्या नजरेला येणार नाही. आणि ज्याने खरंच लाल तोडला, त्याने मात्र एक तक्रारही न करता भरावं. समोरच्या झेब्रावर पोराचा हात धरून निघालेल्या बाईला वाचवायला तो दिवा आहे.

रविवारी सकाळी मी आणि वहिनी त्या चौकात गेलो. मी मोबाइलवर पिवळ्याची वेळ मोजली, पाच वेळा. वहिनींनी टेपने पांढऱ्या रेषेपासून चौकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं. चहावाल्याने विचारलं, "काय ताई, रस्ता रुंद करताय का?" घरी येऊन आम्ही तो फोटो मोठा केला. स्कूटरचं मागचं चाक रेषेच्या पुढे चांगलं नऊ-दहा मीटर होतं. ताशी तीसच्या वेगाने तेवढं अंतर जायला एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो. त्या सेकंदाआधी दिवा कुठला होता हे फोटोत नाही.

वहिनींनी तक्रारीच्या चौकटीत लिहिलं ते त्यांच्याच शब्दांत: "या फोटोत माझी गाडी रेषेच्या बरीच पुढे आहे. रेषा ओलांडताना दिवा कोणता होता ते दिसत नाही. त्याआधीचा फोटो किंवा चित्रीकरण असल्यास दाखवावे. त्यात दिवा लाल दिसला तर मी दंड भरीन." मग त्यांनी चष्मा काढला, मजकूर एकदा मोठ्याने वाचला, 'भरीन'च्या पुढे 'लगेच' हा शब्द घातला आणि बटण दाबलं.